सुजलेल्या मेंदूतली वर्दळ

कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी माझ्या पिढीनं लहानपणी भरपूर ऐकली. गल्लीतल्या कुत्र्यांच्या वाटेला पोरांनी जाऊ नये म्हणून घरोघरी ती दिली जाई, आणि ती पोकळ नव्हती. त्या लशीची पद्धत कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये बसवली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, त्या मेंदूचा लगदा करायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा आणि ते द्रावण रोज एक याप्रमाणे पोटाच्या कातडीखाली टोचायचं. बनवायला सोपी, किमतीला स्वस्त. तिनं असंख्य जीव वाचवले. भारतात तिचं उत्पादन थांबलं ते २००४ च्या अखेरीस.

पण ही लस घेतलेल्या हजारो लोकांमागे एखाद्याच्या बाबतीत विपरीत घडे. दोन-तीन आठवड्यांत पाय लुळे पडत, लघवी अडके, कधी शुद्ध हरपे. रेबीज झाला, असं घरच्यांना वाटे. तो रेबीज नव्हता. लशीतून विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही शरीरात जात होता आणि काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्या अंशालाच शत्रू समजून बसत होती. मेंढीचं मायेलिन आणि माणसाचं मायेलिन यांत फार फरक नाही. मायेलिन म्हणजे चेतातंतूंवरचं चरबीयुक्त वेष्टण, विजेच्या तारेवरच्या रबरासारखं. १९८७ मध्ये थायलंडमधल्या अशा रुग्णांच्या रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात मायेलिनच्याच एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं सापडली. म्हणजे लशीनं माणसाच्या संरक्षकांना त्याच्याच मेंदूचा पत्ता दिला होता.

हा धोका पाश्चरच्या काळापासून माहीत होता, कारण त्याची लसही सशाच्या मज्जारज्जूपासून बनत असे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये तो मुद्दाम घडवून पाहिला. विषाणूचा लवलेश नसलेला सशाचा मेंदू त्यांनी माकडांना पुन्हा पुन्हा टोचला, आणि काही माकडं लुळी पडली. त्यांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांभोवती पेशींची गर्दी जमलेली होती आणि तिथलं मायेलिन नाहीसं झालं होतं. पुढं हाच प्रयोग उंदरांवर सोपा करून घेण्यात आला. सुजलेल्या मेंदूबद्दल आज जे काही माहीत आहे, त्यातलं निम्म्याहून अधिक या प्रयोगातून आलेलं आहे. प्रश्न मात्र तेव्हापासून एकच आहे: त्या गर्दीत कोण कोण असतं?

इथं शब्दाचा एक घोळ आधी दूर करायला हवा. ‘मेंदूला सूज आहे’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे मेंदूत पाणी भरून तो फुगणं. डोक्याला मार लागल्यावर होतं ते. दुसरी म्हणजे शास्त्रीय मराठीत ज्याला दाह म्हणतात ती: संरक्षक पेशी जमणं, त्यांनी रसायनं सोडणं, आणि त्यातून ऊतींची हानी किंवा डागडुजी होणं. या लेखात ‘सूज’ हा शब्द या दुसऱ्या अर्थानं आहे. सवयीचा आहे, म्हणून तोच ठेवतो.

मेंदूत अशी गर्दी जमते, हेच बराच काळ अपवादात्मक मानलं जाई. पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू पांढराच राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत आहे, या कल्पनेची सुरुवात तिथली. मग १९४८ मध्ये पीटर मेडावार यांनी एका सशाची त्वचा दुसऱ्या सशाच्या मेंदूत बसवली. छातीवर बसवलेली परकी त्वचा शरीर काही दिवसांत झिडकारतं. मेंदूत ती टिकली. प्रतिकारयंत्रणेला मेंदूत मज्जाव आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. मेडावार यांच्या त्याच लेखाचा दुसरा भाग मात्र कमी वाचला गेला. सशाला आधी त्याच परक्या त्वचेची ‘ओळख’ करून दिलेली असेल, तर मेंदूत बसवलेली त्वचाही नष्ट होत होती. दार बंद नव्हतं. एकदा चिथावलेल्या पेशी आत पोचत होत्या. विज्ञानात अर्धं वाक्य प्रसिद्ध होतं आणि उरलेलं अर्धं पन्नास वर्षं वाट पाहतं, असं बऱ्याचदा होतं.

शिवाय बाहेरून कोणी येण्याआधीच मेंदूत संरक्षक राहत होते. त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं, १९१९ मध्ये. चांदीच्या कार्बोनेटची स्वतःची रंगपद्धत वापरून त्यानं मेंदूत अगदी बारीक, अनेक फाटे फुटलेल्या पेशी दाखवल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. मेंदूला इजा झाली की या पेशी फाटे आवरून घेतात, गोल होतात आणि मोडतोड गिळतात, हेही त्यानं लिहून ठेवलं. त्याचे वरिष्ठ होते नोबेलविजेते सांतियागो रामोन इ काहाल. त्यांनी मेंदूतला ‘तिसरा घटक’ म्हणून जे वर्णन केलं होतं, त्याचे ओर्तेगानं दोन भाग पाडले. दोघांत बेबनाव होऊन ओर्तेगाला १९२० मध्ये काहालची प्रयोगशाळा सोडावी लागली. स्पेनमधल्या यादवी युद्धामुळे तो परागंदा झाला आणि १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेसला वारला.

ओर्तेगाचं म्हणणं होतं की या पेशी मेंदूच्या मूळ घडणीतल्या नाहीत, गर्भावस्थेत बाहेरून आलेल्या आहेत. ते किती बरोबर होतं याचा पक्का पुरावा मिळायला २०१० उजाडलं. उंदराच्या गर्भात, त्याची अस्थिमज्जा तयार होण्याच्या कितीतरी आधी, पीतकपिशवीत काही आदिम पेशी जन्मतात, तिथून त्या मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथंच राहून आपली संख्या आपणच टिकवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आयुष्यभर अस्थिमज्जेतून नव्यानं तयार होत राहतात. मायक्रोग्लियाचं तसं नाही. त्या नुसत्या बसूनही नसतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकानं पाहिलं, तेव्हा त्यांचे फाटे सतत हलताना, आजूबाजूची चाचपणी करताना दिसले. ‘शांत’ मायक्रोग्लिया असा शब्दप्रयोग तोवर सर्रास चाले.

आता खरी अडचण येते. मेंदूत सूज आली की रक्तातून मोनोसाइट नावाच्या पेशी आत येतात आणि भक्षक पेशी बनतात. त्या आणि गोल झालेल्या मायक्रोग्लिया सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसतात. पिढीजात रहिवासी कोण आणि कालचा आगंतुक कोण, हे ओळखायचा उपाय नव्हता. म्हणून दोघांनाही एकच नाव आणि एकच दोष दिला जाई.

यावर तोडगा निघाला रंगीत उंदरांतून. क्लीव्हलँडमध्ये रिचर्ड रॅन्सोहॉफ यांच्या गटानं असे उंदीर वापरले की त्यांच्या मायक्रोग्लिया हिरव्या चकाकतात आणि रक्तातून आलेल्या मोनोसाइट लाल. रिव्हर्सच्या माकडांचा आजार त्यांनी या उंदरांत घडवला आणि मज्जारज्जूचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं चित्र असं: मायेलिन ओरबाडायला सुरुवात करणाऱ्या पेशी लाल, म्हणजे बाहेरून आलेल्या. दोन मायेलिन वेष्टणांच्या मधली जी उघडी फट असते, नेमक्या तिथं त्या चिकटलेल्या होत्या. हिरव्या पेशी आसपासच होत्या, पण त्या पडलेला कचरा उचलत होत्या. शंभर वर्षं ज्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं, त्या निदान या आजाराच्या सुरुवातीला तरी झाडलोट करत होत्या. ‘निदान’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्याचं कारण शेवटाकडे येईल.

एवढ्या बारकाव्यात शिरायची गरज का आहे, हे एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या औषधांचा इतिहास पाहिला की कळतं. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या आजाराची ओळख पटवली. बहुधा विशी-तिशीतल्या माणसाला होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. एका डोळ्यानं अंधुक दिसतं, काही आठवड्यांनी सुधारतं. वर्ष-दोन वर्षांनी पायात बधिरपणा येतो, तोही बराचसा जातो. आणि असे झटके येत-जात काही जणांची चाल हळूहळू कायमची बिघडते. मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी मायेलिन उडालेले डाग असतात आणि ताज्या डागांत पेशींची गर्दी.

१९८०च्या दशकात काही डॉक्टरांनी विचार केला की या आजारामागे विषाणू असेल, तर विषाणूशी लढणारं गॅमा इंटरफेरॉन देऊन पाहावं. अठरा रुग्णांना ते दिलं. सात जणांना उपचार चालू असतानाच झटका आला. १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा उमगलं की गॅमा इंटरफेरॉन हे टी-पेशी भक्षकांना चेतवण्यासाठी वापरतात ते रसायन आहे. आगीत तेल ओतलं गेलं होतं. (नंतर एमएसवर उपयोगी ठरलं ते बीटा इंटरफेरॉन. नाव सारखं असलं तरी रसायन वेगळं आणि कामही वेगळं.) मग उलटा प्रयत्न झाला. सुजेतलं सगळ्यात बदनाम रसायन म्हणजे टीएनएफ. ते अडवणाऱ्या औषधांनी सांधेदुखीचे जर्जर रुग्ण चालायला लागत होते. एमएसच्या डागांतही टीएनएफ भरपूर सापडत होतं. ते अडवणारं लेनेरसेप्ट हे औषध रुग्णांना दिलं, आणि १९९९ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांना झटके जास्त आले, लवकर आले. पुढं उंदरांत कारण सापडलं. पेशींवर टीएनएफसाठी दोन वेगळी कुलपं असतात. एक उघडलं की नासधूस होते. दुसरं उघडलं की मायेलिन तयार करणाऱ्या नव्या पेशी वाढतात. औषधानं किल्लीच काढून घेतली होती.

बी-पेशींची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. एमएस हा टी-पेशींचा आजार, असं सगळे मानत असताना २००८ मध्ये रिटुक्सिमॅब या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. ते बी-पेशी नष्ट करतं. मेंदूतले नवे डाग जवळजवळ थांबले, आणि तेही काही आठवड्यांतच. आता, बी-पेशींचं प्रसिद्ध काम म्हणजे प्रतिपिंडं बनवणं. पण ती प्रत्यक्ष बनवणाऱ्या पक्व पेशींवर रिटुक्सिमॅबचा परिणाम होत नाही आणि रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं एवढ्या लवकर घटलेलीही नव्हती. म्हणजे बी-पेशींचं अपराधी काम दुसरंच काही होतं. बहुधा टी-पेशींना माहिती पुरवणं आणि चेतवणं. मग प्रतिपिंडं बनवणाऱ्या पक्व पेशीही आवरल्या तर आणखी फायदा व्हावा, असं वाटणं साहजिक होतं. ते करणारं अटासिसेप्ट हे औषध दिल्यावर झटके वाढले आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या पक्व पेशींपैकी काही सूज शमवत असाव्यात. २०१९ मध्ये उंदरांत तशा पेशी सापडल्याही, आणि त्या आल्या होत्या कुठून, तर आतड्यातून.

या तिन्ही चाचण्यांत माणसं होती. आजार कमी व्हावा म्हणून त्यांनी दंड पुढं केला आणि त्यांच्यापैकी काहींचा आजार वाढला. संशोधकांची हयगय नव्हती. त्यांच्याकडे सुजेचं जे चित्र होतं, त्यात पेशींची पुरेशी नावंच नव्हती.

सगळ्यांनाच वेशीवर अडवलं तर? नाटालिझुमॅब हे औषध तेच करतं. रक्तातल्या पेशी ज्या आकड्यानं वाहिनीच्या भिंतीला लटकून मेंदूत शिरतात, तो आकडाच ते झाकून टाकतं. २००४ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं आणि झटके खरोखर फार कमी झाले. तीन महिन्यांत, फेब्रुवारी २००५ मध्ये, ते मागे घेतलं गेलं. काही रुग्णांच्या मेंदूत जेसी नावाचा विषाणू उसळला होता. हा विषाणू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे पडून असतो. तो निमूट राहतो याचं कारण टी-पेशी मेंदूतही गस्त घालत असतात. ज्या मेंदूत प्रतिकारयंत्रणेला मज्जाव आहे असं आपण शिकलो, तिथं तिची रोजची फेरी होती, आणि हे ती फेरी बंद पाडल्यावर समजलं. औषध २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आलं. आज रुग्णाच्या रक्तात जेसीविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, हे आधी तपासतात.

गेल्या दहा वर्षांत नावं भराभर मिळू लागली, ती मोजण्याच्या नव्या पद्धतींमुळे. पूर्वी एका पेशीवरची चार-सहा चिन्हं रंगांनी ओळखता येत, कारण रंग एकमेकांत मिसळतात. आता प्रत्येक चिन्हाला एका वेगळ्या दुर्मिळ धातूची चिठ्ठी लावतात, पेशी एकेक करून प्रखर ज्वाळेत जाळतात आणि उडालेले धातू वजनावरून ओळखतात. एका पेशीची चाळीसेक चिन्हं एकदम वाचता येतात. झुरिकच्या गटानं २०१८ मध्ये अशी पाहणी करून निरोगी, म्हाताऱ्या आणि आजारी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचा नकाशा मांडला. दुसरी पद्धत याहून खोल जाते: त्या क्षणी पेशीत कोणकोणती जनुकं चालू आहेत, तेच वाचते. फ्रायबुर्गच्या मार्को प्रिन्झ यांच्या गटानं २०१९ मध्ये ती सुजलेल्या मेंदूला लावली. मायक्रोग्लियांची अनेक रूपं निघाली. मेंदूच्या आवरणांत आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला राहणाऱ्या भक्षकांची वेगळी. बाहेरून आलेल्या मोनोसाइटचीही वेगळी. टी-पेशींना ‘हा बघ शत्रू’ असं दाखवण्याचं काम मायक्रोग्लिया करतात, असा समज होता. या उंदरांत मात्र ते काम मुख्यतः बाहेरून आलेल्या पेशी करत होत्या. मायक्रोग्लियांकडून ते साधन काढून घेतलं तरी आजार व्हायचा तो झालाच.

या नकाशांबाबत थोडं सावध राहावं, असं मला वाटतं. पेशी मोजायच्या तर मेंदूचा तुकडा विरघळवून त्या सुट्या कराव्या लागतात आणि त्या ओढाताणीतच काही पेशी चिडतात. मग चिडलेल्या पेशींचा एक नवा ‘प्रकार’ सापडल्याचं जाहीर होतं. माणसाचा मेंदू तर बहुतेक वेळा मृत्यूनंतरच हाती येतो.

पेशी येतात कुठून, याचा नकाशाही बदलला. मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या असल्याचं पाओलो मास्कान्यी या इटालियन शरीररचनाकारानं १७८७ मध्येच नोंदवलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी इथल्या दोन गटांनी त्या पुन्हा शोधल्या. पाठोपाठ कळलं की कवटीच्या हाडातली मज्जा आणि मेंदूची आवरणं यांच्यामध्ये बारीक बोगदे आहेत आणि आवरणांतल्या बऱ्याच पेशी रक्तातून वळसा न घालता थेट त्या बोगद्यांतून उतरतात. वेशीवर चौकी बसवली, तरी परसदार उघडंच होतं.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. न्यूरोलॉजिस्टच्या खोलीत दोन तरुणी बसल्या आहेत, असं समजा. दोघींची नजर अंधुक झालेली, पायात जोर नाही, एमआरआयच्या फिल्मवर पांढरे डाग. एकीला एमएस आहे. दुसरीला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. शंभरेक वर्षं हा दुसरा आजार पहिल्याचाच एक प्रकार मानला गेला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन यांच्या गटानं दुसरीच्या रक्तात एक प्रतिपिंड दाखवलं. त्याचा रोख मायेलिनवर नाही. मेंदूतल्या तारकापेशींवर पाणी आत-बाहेर नेणारी जी दारं असतात, त्यांच्यावर आहे. हल्लेखोर वेगळे, बळी वेगळा, फिल्मवरची सूज मात्र चुकून सारखी वाटावी अशी. पहिलीला उपयोगी पडणारं बीटा इंटरफेरॉन दुसरीला दिलं तर तिचा आजार बळावू शकतो, म्हणून ती रक्ततपासणी टाळून चालत नाही. दोघींनाही चालेल असं एक औषध आहे, ते रिटुक्सिमॅब; भारतात बनलेलं मिळतं आणि नव्या परदेशी औषधांच्या तुलनेत परवडतं, म्हणून आपल्याकडे ते बरंच वापरलं जातं.

आणि मायक्रोग्लिया? एमएसचे झटके आता बऱ्यापैकी आवरता येतात. तरीही काही रुग्णांची चाल झटका न येताच बिघडत जाते. आज काठी, दोन वर्षांनी वॉकर. त्यांच्या एमआरआयमध्ये नवे डाग नसतात, म्हणून पूर्वी सूज संपली असं सांगितलं जाई. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत आणि आता विशेष एमआरआयमध्येही जुन्या डागांभोवती एक काठ दिसतो. तो लोह साठलेल्या पेशींचा असतो आणि त्यांत मायक्रोग्लिया मोठ्या संख्येनं असतात. वेस केव्हाच शांत झालेली असते. आत निखारा धुमसत असतो. कधी काळी कचरा उचलणाऱ्या पेशींचंच हे वर्षांनंतरचं रूप असावं.

वेशीवर काम करणारी औषधं इथं फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून मेंदूत शिरून बी-पेशी आणि मायक्रोग्लिया या दोघांतलं एक विकर अडवणारी औषधं तपासली जात आहेत. त्यांतल्या टोलेब्रुटिनिबच्या चाचण्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. झटके रोखण्यात ते जुन्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पण झटके थांबूनही अपंगत्व वाढत चाललेल्या रुग्णांत ती वाढ त्यानं काही प्रमाणात लांबवली. काहींच्या यकृताला इजा झाली, म्हणून सुरुवातीचे महिने वारंवार रक्त तपासावं लागतं.